इब्राहिम रोझ्याचं सपाट छत नेमकं कशावर टिकलंय?

रानवाटा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात विजापूरला जाऊन आलो. खरं तर गोल घुमट बघायचा आणि वेळ उरला तर बाकीचं, असा बेत होता, पण झालं उलटंच. गोल घुमट दीड तासात उरकला आणि इब्राहिम रोझ्यात सकाळी शिरलो तो दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी तिथेच बसलो होतो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इब्राहिम रोझा म्हणजे विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह याची कबर. जुन्या शहराच्या तटाबाहेर पश्चिमेला एक मोठं आवार आहे, उंच भिंत, दरवाज्यातून आत गेलं की बाग आणि बागेत एक उंच दगडी चौथरा. चौथऱ्यावर डाव्या हाताला कबरीची इमारत, उजव्या हाताला मशीद, दोघी एकमेकींकडे तोंड करून आणि मध्ये हौद. एवढंच आहे, पण या एवढ्यात इतकं काही भरलंय की मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

आता प्रश्न. कबरीच्या खोलीत आत गेलो तर वर घुमट दिसेल असं वाटलं होतं, कारण बाहेरून तर भलामोठा घुमट दिसतो. पण आत डोक्यावर चक्क सपाट छत! दगडाचं, आणि मध्ये एकही खांब नाही, तुळई नाही, काही नाही. गाईड म्हणाला की हे छत "हवेत तरंगतंय" आणि आजवर कुणालाच कळलं नाही कसं. बरोबरच्या एका काकांनी सांगितलं की वरून घुमटाला लोखंडी साखळ्यांनी टांगलंय. मला दोन्ही पटलं नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. दगड एवढा जड असतो, चारशे वर्षं झाली, मधोमध खाली का आला नाही?

अजून दोन छोट्या शंका. एक, रोझा म्हणजे तर उपवास ना, मग कबरीला रोझा का म्हणतात? आणि दुसरी, कबरीसमोर मशीद बांधायचं कारण काय, नुसती शोभा म्हणून का? कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

सोलापूरकर

आमच्याकडून विजापूर शंभरेक किलोमीटर, त्यामुळे लहानपणापासून आठ-दहा वेळा तरी जाणं झालंय आणि दर वेळी गाईडकडून नवीन गोष्ट ऐकलीय. साखळ्यांची पण ऐकली, मंत्राची पण ऐकली. छताचं कुणी इंजिनिअर मंडळींनी सांगावं.

मी एवढंच सांगतो की पुढच्या वेळी गेलात तर मशिदीच्या छज्ज्याखाली उभं राहून वर बघा, तिथे खरोखरच्या साखळ्या आहेत, लोखंडाच्या नाही, दगडाच्या. एका दगडातून कडीत कडी कोरून काढलेल्या. काही तुटल्यात पण ज्या आहेत त्या बघून माणूस गप्प होतो. छिन्नीचा एक घाव चुकला की सगळी मेहनत वाया, कारण त्यात सांधा नाहीच. असं काम आपल्याकडच्या देवळांच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, कांचीपुरमच्या वरदराज मंदिराच्या मंडपाला पण अशाच दगडी साखळ्या आहेत. म्हणून मला नेहमी वाटतं की रोझ्यावर राबलेले हात दख्खनचेच होते. छज्ज्याखालचे हस्त, म्हणजे छज्जा तोलून धरणारे दगडी आधार, बघितले तरी कळतं, हे लाकडी आणि देवळाच्या कामातून आलेलं वळण आहे.

मिस्त्रीपोर

माझे आजोबा चुन्याचं काम करायचे आणि मी सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे छत आणि घुमट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीचा भार दुसरीवर नाही. लोकांचा गोंधळ इथेच होतो. घुमट खालच्या चार जाड भिंतींवर उभा आहे, आणि सपाट छताच्या वर, घुमटाच्या पोटात, आणखी एक पूर्ण खोली आहे. तिथे जायला भिंतीच्या जाडीतून अरुंद अंधारा जिना आहे. म्हणजे तुम्ही खाली उभे राहून बघता ते छत फक्त स्वतःचं वजन उचलतंय, घुमटाचं नाही. निम्मं कोडं इथेच सुटतं.

आता उरलेलं निम्मं. खोली साधारण ४० फूट बाय ४० फूट. पण तुम्ही नीट बघितलं असेल तर छत भिंतीपासून एकदम सपाट सुरू होत नाही. चारी बाजूंनी भिंत वर जाता जाता आतल्या बाजूला वळत येते, एखाद्या पेटीचं झाकण आतून गोलसर असावं तशी. प्रत्येक बाजूनं हे वळण साडेसात फुटांच्या आसपास पुढे येतं. म्हणजे ४० फुटांतून दोन्हीकडचे मिळून पंधरा गेले, उरला साधारण २४-२५ फुटांचा चौरस, आणि खऱ्या अर्थानं सपाट आहे तो एवढाच. हे वळण भिंतीतून पुढे काढलेलं आहे, त्याची शेपूट भिंतीच्या बांधकामात गाडलेली आणि त्यावर वरच्या मजल्याचं वजन. घरात फळीचं एक टोक भिंतीत पक्कं रुतवलं की पुढच्या टोकावर सामान ठेवता येतं ना, तसंच. त्यामुळे स्पॅन, म्हणजे एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंतचं अंतर, आधीच जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला.

पण २५ फूट पण थोडके नाहीत. आता दगडाचा स्वभाव बघा. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा दगड, त्याला दाबलं तर तो काहीही सहन करतो, पण ताणलं की तडकतो. लांब फरशी दोन टोकांवर ठेवली की तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि ती मधोमध मोडते. म्हणूनच जुन्या देवळांमध्ये खांब जवळजवळ असतात, दगडी तुळई फार लांब जाऊच शकत नाही. २५ फुटांची अखंड शिळा टाकणं अशक्य. इथे तशी टाकलेलीच नाही, छत अनेक तुकड्यांचं आहे, दगडाला दगड कडेनं भिडवून बसवलाय.

तुकडे एकमेकांना घट्ट भिडवले आणि चारी बाजूंनी भिंतींनी ते पक्के आवळून धरले तर ते खाली पडू शकत नाहीत, कारण खाली यायचं तर आधी बाजूला सरकायला हवं आणि सरकायला जागाच नाही. कमानीत हेच होतं. कमान गोल असते म्हणून आपल्याला ते डोळ्यांनी कळतं, पण कमान सपाट पण करता येते, जुन्या वाड्यांच्या दरवाजा-खिडक्यांवर बघा, विटांची सरळ पट्टी असते आणि ती शंभर वर्षं उभी राहते. दोन पुस्तकांच्या मध्ये दहा पुस्तकं दाबून उचलली तर मधली पडत नाहीत, तसंच. फक्त अट एकच, बाजूच्या भिंती बाहेर ढकलल्या जाता कामा नयेत. आणि म्हणून मला हा रोझा इतका हुशारीचा वाटतो, कारण इथे भिंतीवर घुमटाचं सगळं वजन बसलंय. वरून एवढं ओझं असल्यावर भिंत हलणार कुठे? शिवाय चारी बाजूंनी दुहेरी ओसरी आहे, कमानींची, ती पण बाहेरून आधार देते. लोक म्हणतात घुमट असूनही छत टिकलं. मी म्हणतो घुमट आहे म्हणूनच टिकलं.

आणि शेवटचा गडी म्हणजे चुना. छताच्या दगडांना धरून ठेवणारा. आजोबा सांगायचे की चुना हा माणसासारखा असतो, घाई केली की बिघडतो. भट्टीत चुनखडी भाजायची, पाण्यात विझवायची, दिवस-दिवस मुरवायची, मग वाळू किंवा विटेची भुकटी म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायची. घाणी म्हणजे तो दगडी गोल चर आणि त्यात बैल फिरवणारं जातं, आपल्या गडकिल्ल्यांवर सगळीकडे दिसतं, लोक त्यावर बसून फोटो काढतात. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालायची पद्धत होती. असा चुना सिमेंटसारखा एका दिवसात दगड होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं पुन्हा चुनखडी होत जातो, म्हणजे भट्टीत जे घालवलं ते परत मिळवतो. खालून लाकडाचा भक्कम आधार द्यायचा, दगड मांडायचे, सांधे भरायचे, वरून चुन्याच्या काँक्रीटचा जाड थर द्यायचा आणि मग तो पूर्ण धरेपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही. एकदा धरला की दगड आणि चुना वेगळे राहत नाहीत, सगळं मिळून एकच जाड पाटी होते.

विजापूरच्या मिस्त्र्यांचा चुन्यावर किती विश्वास होता ते बघायचं तर गोल घुमटच बघा. आतून १२४ फुटांच्या आसपास व्यास, तळाशी जवळजवळ १० फूट जाड, आणि विटा आडव्या थरांत रचून जाड चुन्यात बसवलेल्या. तो घुमट कमानीसारखा कमी आणि उपड्या घातलेल्या एका अखंड वाडग्यासारखा जास्त वागतो. तो १६५६ चा. रोझा त्याच्या तीसेक वर्षं आधीचा. म्हणजे रोझ्याच्या छतात जे धाडस लहान प्रमाणात केलं तो आत्मविश्वास पुढे त्याच गावात एवढा वाढला.

तर तरंगत वगैरे काही नाही. आणि कुणालाच कळलं नाही असं म्हणणं मला मनापासून खटकतं, कारण ज्यांनी बांधलं त्यांना पूर्ण कळलेलं होतं.

रानवाटा

मिस्त्रीपोर दादा, काय लिहिलंय! घुमटाचं वजन भिंतींना जागेवर धरतं हे तर डोक्यातच आलं नव्हतं. ते वळण मी फोटोत परत बघितलं, खरंच चारी बाजूंनी आहे, मला तेव्हा ती नुसती नक्षी वाटली.

पण मग अजून एक, वरच्या खोलीचा उपयोग काय? कुणी राहायचं का तिथे? आणि आतून छत सपाटच ठेवायचं होतं तर बाहेर घुमट कशाला?

मिस्त्रीपोर

उपयोग काहीच नाही, म्हणजे वापरायला नाही. बाहेरून इमारत उंच आणि डौलदार दिसायला हवी, आणि आत उभ्या माणसाला खोली आपल्या मापाची वाटायला हवी. दोन्ही गरजा वेगळ्या, तर मध्ये पडदा टाकला. हुमायूनच्या कबरीत आणि ताजमहालात पण आत एक घुमट आणि बाहेर दुसरा, मधली जागा पोकळ. कल्पना तीच, फक्त त्यांनी आतलं झाकण गोल ठेवलं आणि आपल्या दख्खनच्या मंडळींनी सपाट करून दाखवलं. सपाट करणं जास्त अवघड आहे हो.

दौतलेखणी

छताचं छान झालं, आता रोझा शब्दाचं आणि मशिदीचं मी लिहिते. मी फारसी शिकतेय आणि तिथले लेख वाचायचे म्हणूनच दोनदा विजापूरला गेलेय.

उपवासाचा रोजा हा फारसी शब्द आहे, रोज म्हणजे दिवस, त्यावरून आलेला. आणि हा रोझा, खरा उच्चार रौझा, हा अरबी, अर्थ बाग. लिहिताना अक्षरं पण वेगळी. मराठीत येता येता दोघांचा आवाज सारखा झाला. बागेतली कबर म्हणजे जन्नतची छोटी आठवण, म्हणून थोर माणसांच्या कबरीला रौझा म्हणायची पद्धत पडली. आपल्या खुलदाबादला पण पूर्वी रौझाच म्हणायचे, कारण तिथे चिश्ती सुफींच्या कबरी आहेत, औरंगजेबाची कबर पण तिथेच. दर्गा म्हटलं की साधारणपणे पीर-फकीर, वलींची जागा. इब्राहिम रोझ्यात कुणी पीर नाही, राजघराणं आहे, पण मांडणी दर्ग्याच्या आवारासारखीच, कबर, मशीद, पाणी, बाग.

आता मशीद शोभेची का, तर अजिबात नाही. कबरीला उद्देशून नमाज पढायची नसते, नमाज मक्केकडे तोंड करून, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेकडे. म्हणून आपल्याकडच्या मशिदींची मेहराबवाली, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, भिंत पश्चिमेला असते आणि दरवाजे पूर्वेला. आता चौथऱ्यावरची जागा आठवा, कबर पूर्वेला, मशीद पश्चिमेला. नमाजाला उभं राहिलेल्या माणसाची पाठ कबरीकडे येते. हे उलट केलं असतं, कबर पश्चिमेला ठेवली असती, तर प्रत्येक नमाजात माणूस राजाच्या कबरीसमोर झुकला असता, आणि ते धर्माला मान्य नाही. म्हणजे दोन इमारती समोरासमोर आहेत ते दिसायला सुंदर आहेच, पण कुठली कुठल्या बाजूला हे आधी श्रद्धेनं ठरलं. मधला हौद वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय, तोंड धुवायला, आणि त्यात कारंजं पण होतं.

आतल्या कबरी बघितल्यात का नीट? सगळ्या दक्षिणोत्तर. पुरताना डोकं उत्तरेला आणि चेहरा पश्चिमेकडे वळवलेला. खऱ्या कबरी खाली तळात असतात, वर दिसतात ती त्यांची चिन्हं. बायकांच्या कबरीचा माथा सपाट, पाटीसारखा, आणि पुरुषांच्या कबरीवर मध्ये उंच पट्टी, तिला कलमदान म्हणतात. हे एकदा कळलं की कुठल्याही जुन्या कबरस्तानात न विचारता ओळखता येतं. रोझ्यात दुसरा इब्राहिम आदिलशाह, त्याची राणी ताज सुलताना, आई हाजी बडी साहेबा आणि मुलं आहेत, एकूण सहा.

दुसरा इब्राहिम १५८० मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता, कारभार चांदबिबी बघायची, तीच जी पुढे अहमदनगरचा किल्ला लढवताना आपल्या इतिहासात येते. हा पोरगा मोठेपणी गाण्यात बुडाला, दखनीत गीतं रचली, त्यात सरस्वतीला वंदन केलं, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. विजापूरच्या पश्चिमेला त्यानं नौरसपूर नावाचं नवं शहर १५९९ मध्ये वसवायला घेतलं, ते १६२४ मध्ये मलिक अंबरनं उद्ध्वस्त केलं. म्हणजे त्याचं स्वप्नातलं शहर गेलं आणि दोन-तीन वर्षांत हा रोझा पुरा झाला. मला ही गोष्ट आठवली की आत शिरताना नेहमी भरून येतं.

आणि ज्यासाठी मी गेले होते ते दरवाजावरचे फारसी लेख. त्यात सरळ लिहिलंय की हा रोझा बांधायची आज्ञा ताज सुलतानानं दिली, काम मलिक संदलनं पुरं केलं, आणि खर्च आला दीड लाख होन आणि वर नऊशे. होन म्हणजे सोन्याचं नाणं, शिवकाळ वाचणाऱ्यांना माहिती आहेच. हे वरचे नऊशे मला फार आवडतात, कुणीतरी हिशोबाची वही समोर ठेवून दगडावर लिहून घेतलंय. आणि एका बाईनं एवढी इमारत उभी करवली हे तिथे फिरणाऱ्या किती जणांना कळतं? नाव राजाचं लागलं.

दुसऱ्या लेखात असं आहे की ही इमारत बघून आकाश चकित झालं, जमिनीतून आणखी एक आकाश वर आलं की काय असं त्याला वाटलं, आणि इथला एकेक खांब बागेतल्या सुरूच्या झाडासारखा डौलदार आहे. शेवटी देवदूत साल सांगतो, की ही मन आनंदवणारी वास्तू ताज सुलतानाची यादगार आहे. गंमत म्हणजे फारसी-अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, त्या ओळीतल्या अक्षरांची बेरीज केली की १०३६ येतात, तेच हिजरी साल, म्हणजे इसवी १६२६-२७. इब्राहिम वारला १६२७ च्या सप्टेंबरमध्ये.

आणि खिडक्या! दरवाजे-खिडक्यांच्या वरच्या जाळ्या नक्षीच्या नाहीत, अक्षरांच्या आहेत. दगड आरपार कोरून अरबी वचनं केलीत आणि अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. बाहेरून वाचता येतं, आत उभं राहिलं की अंधारात ती अक्षरं उजेडावर काळी उमटलेली दिसतात. दगडी जाळीत अक्षर सुटं राहून चालत नाही, प्रत्येक अक्षर शेजारच्याला किंवा चौकटीला कुठेतरी चिकटलेलं हवं नाहीतर गळून पडेल, आणि तरी वाचता पण यायला हवं, म्हणजे लिहिणारा आणि कोरणारा दोघंही एकमेकांचं काम जाणणारे असणार. मी तिथे जमिनीवर बसून अर्धा तास एकच खिडकी वाचत होते.

अभ्यासू मुंगी

सुंदर धागा चाललाय. एक विचारू का, ताजमहाल हा इब्राहिम रोझ्यावरून सुचला असं सगळीकडे ऐकतो, बोर्डावर पण दख्खनचा ताज वगैरे वाचल्यासारखं वाटतंय. खरं आहे का? सालं बघितली तर रोझा १६२६ आणि ताजचं काम १६३२ ला सुरू, म्हणजे जमतंय.

दौतलेखणी

सालं जमतात एवढ्यावरून एक दुसऱ्यावरून घेतलं असं म्हणता येत नाही ना. ताजचा आराखडा बघितला तर तो हुमायूनच्या कबरीच्या घराण्यातला आहे, मोठी चौरस इमारत, कोपरे छाटलेले, चारी बाजूंना प्रचंड उंच कमान. रोझ्यात तसली उंच कमान नाहीच, चारी बाजूंनी ओसरी आहे आणि तिच्यावर पुढे आलेला छज्जा. ताजचे चार मिनार चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर वेगळे उभे, रोझ्याचे इमारतीलाच लागून. ताजमध्ये मशीद पश्चिमेला आणि तोल राखायला पूर्वेला तशीच दिसणारी दुसरी इमारत, तिला जवाब म्हणतात, कबर मधोमध. इथे कबर आणि मशीद या दोघीच, आणि तोल त्यांनी आपापसात सांभाळलाय.

मला तर ताजशी तुलना हेच रोझ्याचं नुकसान वाटतं. तुलना सुरू झाली की लोक संगमरवर शोधतात आणि दगडावरची अक्षरं बघतच नाहीत.

मिस्त्रीपोर

तोल सांभाळलाय यावर एक भर. कबरीची इमारत चौरस आणि भारी, एका बाजूला सात कमानी. मशिदीच्या दर्शनी भागाला पाच कमानी आणि तिचा घुमट लहान. तरीही समोरून बघताना एक मोठी एक छोटी असं वाटत नाही, कारण दोघींची दर्शनी रुंदी जुळवलीय आणि छज्जा, मिनार, घुमटाखालच्या पाकळ्या एकाच हाताच्या आहेत. मशिदीची समोरून मागपर्यंतची लांबी मात्र कमी ठेवलीय, ते समोरून कळतच नाही. मिनार दोन्हीकडचे फक्त शोभेचे, आत जिना नाही, त्यामुळे बारीक ठेवता आले.

मलिक संदलचं नाव निघालंय तर ताज बावडी, म्हणजे तिथली मोठी विहीर, बघितलीत का रानवाटा? ती पण त्याचीच, १६२० च्या सुमाराची आणि नाव याच ताज सुलतानावरून. पाण्याकडे उतरायच्या वाटेवर केवढी कमान घेतलीय बघा. ज्याला एवढी कमान घालता येते त्याला सपाट छताची भीती का वाटावी.

सोलापूरकर

लढाईचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. औरंगजेबानं १६८५ मध्ये विजापूरला वेढा घातला, सप्टेंबर १६८६ मध्ये शहर पडलं आणि आदिलशाही संपली. रोझा तटाच्या बाहेर, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला. तटावरून सुटलेले गोळे इथे लागले असं आमच्याकडे जुने लोक सांगतात, आणि त्यात मलिक-ए-मैदान तोफेचं नाव पण घेतात, ती तोफ आजही पश्चिमेकडच्या बुरुजावर आहे. शहरातल्याच लोकांना आपल्याच राजाच्या कबरीच्या दिशेनं तोफा डागाव्या लागल्या, विचार केला तरी कसंतरी होतं.

पुढे मराठे आले, नंतर १८१८ ते १८४८ हे शहर सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होतं, मग इंग्रज. १९५६ पर्यंत विजापूर मुंबई राज्यातच होतं, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या पिढीला ते परगाव वाटतच नाही. आता रोझा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, बाग चांगली ठेवलीय.

रानवाटा

सगळ्यांचे खूप खूप आभार. ताज बावडी राहिली हो माझी, गोल घुमटाला वेळ दिला आणि ती चुकली. खिडकीतली अक्षरं पण मी नक्षी समजून पुढे गेलो याचं आता फार वाईट वाटतंय. कबरींच्या माथ्यावरचा फरक तर दिसला होता पण अर्थ कळला नव्हता. दिवाळीनंतर परत जायचं नक्की केलंय, आईला पण नेणार आहे. किती वाजता गेलं तर आत नीट दिसेल? मागच्या वेळी आतला बराच भाग अंधारात होता, टॉर्च लावायला संकोच वाटला.

सोलापूरकर

टॉर्च नका लावू, दहा मिनिटं आत शांत उभं राहा, डोळे सरावतात. उजेडाचं म्हणाल तर मशिदीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे तिच्यावर ऊन सकाळी पडतं आणि छज्ज्याखालच्या साखळ्या तेव्हाच छान दिसतात. कबरीची हौदाकडची बाजू पश्चिमेची, तिच्यावर ऊन दुपारनंतर येतं आणि तेव्हा त्या बाजूच्या जाळ्यांतून उजेड आत शिरतो. म्हणजे सकाळी आधी मशीद, मग दुपारी ताज बावडी करून या, आणि चारच्या सुमाराला परत रोझ्यात, पश्चिमेच्या जाळीसमोर आत उभे राहा. आईंना चौथऱ्याच्या पायऱ्या जरा उंच वाटतील, हाताला धरून न्या.